डोंगर उघडा दिसतो तेव्हा : दुर्मिळ वनस्पतींची पाहणी कधी आणि कशी करतात

एप्रिलमध्ये घोडबंदर रोडवरून येऊरच्या डोंगराकडे पाहिलं किंवा मे महिन्यात खारघरच्या उतारांवर नजर टाकली, तर वाळलेलं गवत, काळा कातळ आणि मध्येच वणव्याने करपलेले पट्टे एवढंच दिसतं. इथे दुर्मिळ वनस्पती आहेत का, असं कोणी विचारलं आणि उत्तर देणारा त्याच दिवशी डोंगर पालथा घालून आला, तर तो अगदी प्रामाणिकपणे 'नाहीत' असं सांगेल. तोच माणूस सप्टेंबरच्या मध्यावर गेला तर त्याला लिहायला वही पुरणार नाही. डोंगर तोच, वनस्पतीही त्याच, फक्त तारीख वेगळी. वनस्पतींच्या पाहणीत तारखेइतकी मोलाची दुसरी माहिती नसते आणि आपल्याकडे नेमकी तीच कोणी विचारत नाही. ती का विचारायची, हे एकदा नीट समजावून सांगावं असं फार दिवस मनात होतं.

शेवळं सगळ्यांच्या ओळखीची, म्हणून तिथूनच सुरुवात करू. पावसाच्या पहिल्या सरींच्या आगेमागे ठाण्याच्या बाजारात आदिवासी मावश्या शेवळांच्या जुड्या घेऊन बसतात, शेजारी काकडाची आंबट फळं ठेवलेली असतात. आपण भाजी म्हणून आणतो तो त्या वनस्पतीचा न उमललेला फुलोरा. सोलताना आत खाली पिवळसर दाणेदार भाग लागतो आणि घशाला खाज नको म्हणून तो काढून टाकतात. खरी फुलं ती तिथेच, त्या दाणेदार भागात. खाज येते ती वनस्पतीत असलेल्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सूक्ष्म टोकदार स्फटिकांमुळे. शेवळाचं शास्त्रीय नाव अमॉर्फोफॅलस कम्युटेटस. सुरण याच्याच कुळातला.

आता या शेवळाचं वर्ष कसं जातं ते पाहा. मेअखेर ते जून या काळात जमिनीतून थेट फुलोरा वर येतो. तेव्हा पान नसतं. फुलोरा संपला की पावसाच्या मध्यावर छत्रीसारखं फाटे फुटलेलं एकच पान येतं. पाऊस ओसरला की ते पिवळं पडून जमिनीला मिळतं. पुढचे सात-आठ महिने ती वनस्पती जिवंतच असते, पण सगळी जमिनीखाली, कंदाच्या रूपात. म्हणजे मार्चमध्ये पाहणी केली तर शेवळं शून्य. ऑगस्टमध्ये केली तर पानं दिसतील, पण सुरणाच्या कुळातल्या दोन-तीन भावंडांची पानं इतकी सारखी असतात की नुसत्या पानावरून नाव लिहायला जाणकारही कचरतो. खात्रीने नाव सांगता येईल असे दिवस वर्षातून जेमतेम तीन-चार आठवडे.

मे महिन्याच्या सुट्टीत शाळेत जाऊन पटसंख्या मोजावी आणि या शाळेत मुलंच नाहीत असा शेरा मारावा, तसं हे होतं.

आठ महिन्यांचं वाळवंट

ठाणे-नवी मुंबईत वर्षाला सुमारे २५०० मिलिमीटर पाऊस पडतो. जैसलमेरला २०० मिलिमीटरही पडण्याची मारामार. असं असताना आपल्या डोंगरांची तुलना वाळवंटाशी कशी काय, असं वाटेल. पण आपला जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत उरकतो. आणि सह्याद्रीचा आणि त्याच्या या कोकणातल्या फाट्यांचा दगड म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजून झालेला बेसाल्ट. जंगलाखाली माती बरी असते, पण उघड्या कातळावर आणि कड्याच्या कपारीत ती बोटभरही नसते. तिथे पाणी थांबत नाही. ऑक्टोबरच्या उन्हाने तो कातळ तापायला लागला की तिथल्या वनस्पतीपुढे तेच प्रश्न उभे राहतात जे कच्छमधल्या काळा डुंगरवरच्या किंवा अरवलीच्या कोरड्या उतारांवरच्या वनस्पतींपुढे असतात : पाणी कुठे साठवायचं आणि वाईट दिवस कुठे लपून काढायचे?

याची उत्तरंही दोन्हीकडे एकमेकांना जुळतात. काही वनस्पती कंद करून जमिनीखाली जातात. काही खोडात पाणी साठवतात. आपली शिंदळ माकुडी याच जातीची. फ्रेरिया इंडिका हे तिचं जुनं शास्त्रीय नाव, जुन्नरजवळच्या कड्यांवरून १८६५च्या सुमारास डॅल्झेल या वनस्पतिशास्त्रज्ञाने मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्यावरून दिलेलं. खोड मांसल, पाऊस असेतोवर पानं, मग पानं गाळून नुसतं बोटाएवढं खोड कड्याला धरून राहतं. एकेकाळी जगातल्या सर्वाधिक धोक्यातल्या १२ वनस्पतींच्या यादीत तिचं नाव होतं. कच्छ आणि राजस्थानच्या खडकाळ टेकड्यांवरचा गुग्गुळही वर्षाचा बराच काळ पानांवाचून उभा असतो, नुसत्या काटेरी फांद्या. डिंकासाठी त्याला इतक्या बेफाम खाचा मारल्या गेल्या की धोक्यातल्या जातींच्या आंतरराष्ट्रीय लाल यादीत तो आज 'अतिसंकटग्रस्त' आहे.

तिसरी युक्ती बियांची. वाळवंटातल्या कितीतरी वनस्पतींचं आयुष्य काही आठवड्यांचं. उरलेला सगळा काळ, प्रसंगी वर्षानुवर्षं, त्या बी होऊन मातीत पडून राहतात. त्यांच्या बियांच्या सालीत रुजणं रोखणारी रसायनं असतात. चुकार सर पडली तर ती धुऊन जात नाहीत. साधारण २५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त चांगला पाऊस झाला तरच जातात, आणि बी रुजतं. तेही सगळं एकदम नाही. काही बिया मागे राहतातच, पुढचं वर्ष दगा देईल या हिशोबाने. अमेरिकेतल्या डेथ व्हॅलीत २००५ आणि २०१६ साली फुलांचे गालिचे पसरले. मधल्या बऱ्याचशा वर्षांत तिथे गेलेल्याला रेती आणि खडेच दिसले असते. आणि तिथल्या डोंगरांवर फुलोरा वर चढत जातो. तळ समुद्रसपाटीच्या खाली आणि शेजारचं शिखर ३३०० मीटरच्याही वर, म्हणून पाहणी करणारे फेब्रुवारी-मार्चमध्ये पायथ्याशी सुरुवात करतात आणि फुलोऱ्यामागोमाग चढत उन्हाळ्यात माथ्यावर पोचतात. आपल्याकडे उंचीचा एवढा खेळ नाही. ठाणे जिल्ह्यातला माहुलीचा डोंगरही ९०० मीटरच्या आतला. इथे खेळ आहे तो मातीच्या थराचा. उघडा कातळ आधी वाळतो, म्हणून त्यावरच्या बारक्या वनस्पती ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच घाईने फुलून मोकळ्या होतात. झाडीखालच्यांना थोडी जास्त सवड मिळते.

आणि कारवी तर कॅलेंडरच वेगळं वापरते. येऊरच्या बाजूला ती २००८, २०१६ आणि २०२४ साली एकगठ्ठा फुलली. आठ वर्षांतून एकदा फुलायचं, बी धरायचं आणि मरायचं.

भारतीय वाळवंटाच्या वनस्पतींची पहिली मोठी पद्धतशीर नोंद मुंबईच्या माणसांनी केली, याचा मला फार अभिमान वाटतो. सेंट झेवियर्स महाविद्यालयातले फादर एथेलबर्ट ब्लॅटर आणि त्यांचे सहकारी हॉलबर्ग यांनी जोधपूर-जैसलमेरच्या वनस्पतींवर केलेलं काम १९१८पासून मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात क्रमाने छापून आलं. ब्लॅटर यांच्या नावाचं वनस्पतिसंग्रहालय आजही त्या महाविद्यालयात आहे आणि ठाण्याच्या डोंगरांची पाहणी करायची तर पहिला फेरा तिथेच मारावा लागतो.

दुर्मिळ म्हणजे नक्की काय?

'दुर्मिळ' हा शब्द आपण सरसकट वापरतो. डेबोरा रॅबिनोविट्झ या वनस्पतींच्या अभ्यासक. त्यांनी १९८१ साली त्याचे तीन धागे सुटे करून दाखवले आणि ते अजून उपयोगी पडतात. ती वनस्पती किती मोठ्या प्रदेशात आढळते? कसल्याही जागी उगवते, की तिला ठरावीक जागाच लागते? आणि जिथे आहे तिथे ढिगाने आहे, की चार-दोनच? तिन्ही उत्तरं ऐसपैस असतील तर ती वनस्पती साधी. एक जरी उत्तर आखूड असलं तर ती कुठल्या ना कुठल्या अर्थाने दुर्मिळ. असे दुर्मिळतेचे सात प्रकार होतात.

शिंदळ माकुडी तिन्ही बाजूंनी आखूड : प्रदेश छोटा, जागा फक्त कड्याची, संख्या थोडी. सफेद मुसळीचं तसं नाही. तिचं शास्त्रीय नाव क्लोरोफायटम बोरिव्हिलिएनम, कारण १९५०च्या दशकात फादर सांतापाव आणि फर्नांडिस यांनी तिचं वर्णन केलं ते बोरिवलीवरून, म्हणजे येऊरच्या डोंगराच्या पलीकडच्या अंगाहून. तिचा प्रदेश बराच मोठा आहे. पण मुळांना औषध म्हणून भाव आला आणि रानातली मुसळी उपटली जाऊ लागली. पावसाच्या सुरुवातीला बाजारात येणारी फोडशीची भाजी याच कुळातली, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. पानं खुडली तर कंद पुन्हा फुटतो, मूळ खणलं तर खेळ खल्लास. पाड्यांवरच्या बायकांना हा फरक पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. त्यांना विचारल्याशिवाय पाहणीला निघू नये असं माझं स्पष्ट मत आहे, कारण कुठली भाजी कुठल्या उतारावर आणि कुठल्या आठवड्यात येते हे त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नसतं.

पाहणीचा हंगाम

काम सुरू होतं घरात, उन्हाळ्यात. जुने नमुने पाहायचे. संग्रहालयातल्या प्रत्येक वाळवलेल्या नमुन्याच्या कागदावर खाली उजवीकडे एक चिठ्ठी असते : जागा, तारीख, कोणी गोळा केला. जागेचं नाव 'साष्टी' एवढंच असू शकतं, आणि साष्टी म्हणजे मुंबईच्या उपनगरांपासून ठाण्यापर्यंतचं अख्खं बेट. पण तारीख सोन्याच्या मोलाची. शंभर वर्षांतल्या पाच-सहा चिठ्ठ्यांवर सप्टेंबरच असेल, तर आपला आठवडा ठरला. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र १९५५पासून आहे, तिथला संग्रहही याच कारणासाठी पाहतात.

परवानगी आधीच काढावी लागते. येऊर हे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं आणि राष्ट्रीय उद्यानातून पानही उचलायचं तर १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. पावसाळ्यात कागद फिरवत बसलं तर हंगाम हातचा जातो.

मग फेऱ्या. एक जूनमध्ये, शेवळं आणि त्यांच्यासारख्या पानांआधी फुलणाऱ्यांसाठी. एक जुलै-ऑगस्टमध्ये. मुख्य फेरी ऑगस्टअखेर ते सप्टेंबर. आणि शेवटची ऑक्टोबरात, फळांसाठी. ही शेवटची लोक गाळतात आणि ते मला खटकतं. फूल आलं म्हणजे वंश चालला असं नव्हे, बी धरलं का ते पाहायला हवं.

कंदीलपुष्पाचं उदाहरण घ्या. सेरोपेजिया हे त्याचं शास्त्रीय कुळनाव. याच्या अनेक जाती महाराष्ट्राच्या सह्याद्रीबाहेर जगात कुठेच नाहीत. फूल उभ्या नळीसारखं, खाली फुगीर, वर पाकळ्यांची टोकं जुळून झालेला पिंजरा. जवळून, भिंगाने पाहिलं तर नळीच्या आत खाली वळलेले केस दिसतात. वासाने ओढली गेलेली बारकी माशी वरून आत शिरते, केसांवरून घसरत तळाशी पोचते, आणि तेच केस तिला वर चढू देत नाहीत. ती आत अडकून फिरत राहते, तेव्हा परागकणांची एक जोडी तिच्या सोंडेला चिमट्यासारखी लटकते. पुढे केस सुकतात, फूल कलतं आणि माशी सुटते. मग ती दुसऱ्या फुलात अडकली आणि परागकण नेमक्या खाचेत बसले, तरच शेंगा. एवढी नाजूक साखळी. एखाद्या कड्यावर शंभर फुलं मोजली आणि ऑक्टोबरात एकही शेंग नसेल, तर ती वसाहत आज दिसायला छान असली तरी आतून आटत चालली आहे. फुलांशिवाय, नुसत्या वेलीवरून यातली जात ओळखणं अवघड आणि फूल टिकतं थोडेच दिवस. म्हणून दोन आठवडे इकडेतिकडे झाले की नोंदवहीत नुसतं 'सेरोपेजिया, जात अनिश्चित' एवढंच लिहून परतावं लागतं.

प्रत्यक्ष मोजणी कंटाळवाणी असते. सडा, म्हणजे उघडं कातळपठार, असेल तर एक मीटर बाय एक मीटरची चौकट ठेवून आतलं सगळं मोजायचं. चौकटी कुठे ठेवायच्या हे आधीच ठरवायचं, नाहीतर हात आपोआप फुलांकडे वळतो आणि आकडा फुगतो. उतारावर दोरी ताणून तिच्या दोन्ही बाजूंनी चालत मोजायचं. कड्याचं काम दुर्बिणीने किंवा लांब पल्ल्याच्या लेन्सने. कड्यापाशी आणखी एक पंचाईत होते : फोनमधला जीपीएस मोकळ्यावर तीन ते पाच मीटरपर्यंत बरोबर असतो, पण पन्नास मीटर उंचीच्या कड्याचा माथा, मधली कपार आणि पायथा हे सगळं नकाशावर एकाच बिंदूवर येतं. वहीत 'माथा' की 'कपार' हे शब्दांत लिहिलं नाही, तर पाच वर्षांनी येणारा माणूस बरोबर जागी उभा राहून चुकीच्या जागी शोधेल.

शिवाय 'एक रोप' म्हणजे काय? कंदाला तीन कोंब आले तर रोपं तीन की एक? लाल यादीसाठी जी संख्या लागते ती प्रजननक्षम रोपांची, म्हणजे फुलणाऱ्या-फळणाऱ्यांची. अशी रोपं जगभरात ५०हून कमी उरली असतील तर तेवढ्यावरच 'अतिसंकटग्रस्त', २५०हून कमी असतील तर 'संकटग्रस्त'. ४५ आणि ५५ यांतला फरक म्हणूनच किरकोळ नसतो आणि कोंब मोजले की रोपं हे आधी ठरवावंच लागतं.

'दिसली नाही' आणि 'नाही'

सगळ्यात अवघड आकडा शून्य. समजा एखादी बुटकी वनस्पती त्या उतारावर खरंच आहे आणि ऐन हंगामात एका फेरीत ती आपल्या नजरेला पडण्याची शक्यता ४० टक्के आहे. गवत उंच असतं, धुकं असतं, चष्म्यावर पाणी असतं, म्हणून ४० टक्के काही वाईट नाही. तर एका फेरीत ती हुकण्याची शक्यता ६० टक्के. दोन फेऱ्यांत दोन्हीदा हुकण्याची ३६. तीन फेऱ्यांनंतरही सुमारे २२. पाच फेऱ्यांनंतर ८च्या आसपास. म्हणजे तीनदा जाऊन दिसली नाही तरी ती तिथे नाही असं छातीठोक म्हणता येत नाही. आणि हा हिशोब ऐन हंगामातला. हंगामाबाहेर ती शक्यताच शून्य असते. शंभर फेऱ्या मारल्या तरी उत्तर 'माहीत नाही' हेच राहतं.

त्यात काही कंद एखादं वर्ष वर येतच नाहीत, पाऊस उशिरा आला तर विशेषच. म्हणून चांगली पाहणी एका वर्षात संपत नाही.

सापडल्यावर काय करायचं, यातही शिस्त लागते. शास्त्रीय पुरावा म्हणून एक नमुना दाबून, वाळवून, सुमारे २८ बाय ४२ सेंटिमीटरच्या जाड कागदावर चिकटवून ठेवणं ही जुनी रीत आणि ती आजही लागते, कारण फोटोत परागकोश उलगडून पाहता येत नाहीत. पण वीस रोपं असतील तर एकाहून जास्त घ्यायचं नाही, हा साधा दंडक. दहाच असतील तर फोटो : अख्खं रोप, पान दोन्ही बाजूंनी, फूल समोरून आणि बाजूने, शेजारी मोजपट्टी. कंद खणून पाहू नये. आणि नेमकी जागा जाहीर करू नये. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर धोक्यातल्या जातींचं ठिकाण मुद्दाम वीसेक किलोमीटरच्या चौकोनात धूसर करून दाखवतात, ते योग्यच आहे. म्हणूनच या लेखातही कुठली दुर्मिळ जात कुठल्या उतारावर आहे हे मी लिहिलेलं नाही.

या सगळ्याचा ठाणे-नवी मुंबईकरांशी थेट संबंध येतो तो असा. पारसिकच्या रांगेत दगडखाणींनी डोंगर कापले गेले आहेत. आसपासच्या डोंगरउतारांवर रस्ते, बोगदे, बांधकामं येत राहतात. मोठ्या प्रकल्पांना २००६च्या अधिसूचनेप्रमाणे पर्यावरणावरील परिणामांचा अहवाल द्यावा लागतो. यातल्या पुष्कळ अहवालांत आधारभूत माहिती एकाच ऋतूची घेतात, आणि तो ऋतू पावसाळा वगळून असतो. हवेतली धूळ मोजायला हे ठीक आहे, कारण पावसात धूळ बसते. वनस्पतींसाठी मात्र वगळलेले नेमके तेच चार महिने हवे असतात. डिसेंबर ते फेब्रुवारीत केलेल्या यादीत साग, पळस, करवंद, कारवी येतील. कंदवाल्या आणि कातळावरच्या वनस्पती त्यात येऊच शकत नाहीत. यादी करणारा प्रामाणिक असला तरीही.

वृक्षारोपणाचंही तेच. 'उघड्या' डोंगरावर जुलैमध्ये खड्डे खणले जातात. खणणाऱ्यांची तळमळ खरी असते. पण तो उतार जर कंदांचा सडा असेल, तर प्रत्येक खड्ड्याबरोबर शेवळं, मुसळी, कंदीलपुष्प वर फेकलं जातं. खणण्याआधी एक पावसाळा तिथे नुसतं पाहायला जावं, एवढंच माझं मागणं आहे.

तुमच्या भागातल्या एखाद्या प्रकल्पाचा अहवाल हातात आला, तर वनस्पतींच्या प्रकरणात यादी किती लांब आहे ते पाहू नका. पाहणीच्या तारखा शोधा. नुसतं 'हिवाळा' असेल तर कुठले दिवस आणि किती फेऱ्या, ते विचारा. ओळख कोणी पटवली आणि नमुने कुठल्या संग्रहालयात, कुठल्या क्रमांकाने ठेवले, ते विचारा. यादीत गवतं किती आहेत तेही मोजा, कारण घाईघाईने केलेल्या यादीतून गवतं सर्वात आधी गळतात. जनसुनावणीला हे प्रश्न लेखी द्यायचे, पोच घ्यायची, आणि उत्तर येईपर्यंत पाठपुरावा सोडायचा नाही. पावसाळ्यातली पाहणी झालेली नसेल, तर येत्या जून ते ऑक्टोबरच्या फेऱ्या करून पुरवणी यादी जोडावी, ही मागणी त्याच पत्रात लिहा.